सतरा नंबरचा शिक्का

कल्पिता तांडेलबद्दल वाईट बोलायचं असतं तर दोन वाक्यांत आटपलं असतं. ती दोन वाक्यं मी माझ्या नवऱ्याला, जयवंतला, इतक्या वेळा ऐकवली आहेत की तो आता मोबाइलवर मॅच लावूनच जेवायला बसतो. मला सांगायचं आहे ते बाकीचं, बावीस वर्षांचं. ते कोणी विचारत नाही. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारतात एवढंच, की परबबाई, रिटायर व्हायच्या आधीच कशा घरी बसलात? त्यांना मी गुडघे सांगते. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

अंधेरीला मरोळमध्ये आमची कंपनी. आमची म्हणायची सवय जात नाही, काय करू. तिथे कॅथेटर बनतात. कॅथेटर म्हणजे बारीक लांब नळी. पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, पाय टम्म सुजला, की डॉक्टर गुडघ्यामागून ही नळी शिरेत सरकवतात आणि थेट गुठळीच्या पोटात नेऊन ठेवतात. मग बाहेरून औषध सोडायचं, हळूहळू, दिवसभर, रात्रभर. नळीच्या टोकाकडच्या वीतभर भागाला बारीक भोकं असतात. त्यातून औषध गुठळीत झिरपतं आणि गुठळी विरघळते. मोठ्या कंपन्या ही भोकं लेझरनं पाडतात. आमच्याकडे ती बायका पाडतात, मायक्रोस्कोपखाली, सुईने. आम्ही त्यांना होल म्हणतो, आणि आमच्या खोलीचं नाव होल रूम. हसू नका, दारावर तसा बोर्डच आहे.

मी त्या खोलीत लागले त्यानंतर पंधरा दिवसांनी कल्पिता आली. खारदांड्याची कोळीण. आत जाताना गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे सगळं चढवायचं, बांगड्या काढायच्या, पावडर नाही, काजळ नाही. माणसाचे फक्त डोळे उरतात. तिचे डोळे म्हणजे भांडायला निघालेले. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुझी खुर्ची उजेडात हाय, मना दे." मी म्हटलं, "तुझ्या बापाची आहे काय?" तर म्हणते, "नाय, पण माझा हात तुझ्यापेक्षा चांगला हाय." मेली, तेव्हा तिने एक होल पाडलं नव्हतं त्या कंपनीत.

पण हात होता चांगला. खोटं कशाला बोलू? माझा चांगला, तिचा माझ्याहून चांगला. नळीच्या आत आधी स्टीलची तार घालतात, म्हणजे सुई पलीकडच्या बाजूने बाहेर येत नाही. सुई तारेला टेकली की थांबायचं. आम्हा बाकीच्यांची सुई तारेवर टकटक करायची. हिची आवाज न करता टेकायची. दिवसाला मी सव्वाशे नळ्या केल्या तर ती दीडशे करून वर डबा खायला पाच मिनिटं आधी उठायची.

नवीन मुली आल्या की त्यांना शिकवायचं कामही तिचंच. मुली विचारायच्या, नळीच्या सुरुवातीची होलं बारीक आणि टोकाकडची मोठी असं का? इंजिनियर लोकांकडे त्याचं अर्ध्या तासाचं लेक्चर होतं. कल्पिता सांगायची, "आमच्याकडं मासळीच्या क्रेटवर पाणी मारायला प्लास्टिकच्या पायपाला खिळ्यानं भोकं पाडतात. सगली सारखी पाडलीस, तर नळाजवलच्या क्रेटला धबधबा आनि शेवटचा क्रेट सुका. म्हणून नळाजवल बारीक, पुढं पुढं मोठी. आता क्रेटच्या जागी गुठली घे." मुलींना कळायचं. पुढे आमचे क्वालिटीचे निमेशसर बाहेरच्या पाहुण्यांना प्लांट दाखवताना हाच पायपाचा दाखला द्यायला लागले. कल्पिता मास्कमागे हसायची आणि मला कोपर मारायची.

आणखी एक गोष्ट तिच्यात होती, ती कोणालाच येत नव्हती. तिला हात ओळखता यायचे. मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि सांगायची, हे रेवतीचं, हे प्रेमाचं, म्हणजे माझं, आणि हे तिचं स्वतःचं. प्रत्येकीचं होल वेगळं, म्हणायची. माझ्या होलाची खालची कड किंचित जाड यायची, कारण मी मनगट टेकवून काम करते. एकदा निमेशसरांनी गंमत म्हणून चार जणींच्या नळ्या नंबर झाकून तिच्यापुढे ठेवल्या. चारही बरोबर. सर खूश झाले. तेव्हापासून कुठल्या तुकड्यावर वाद झाला की सर म्हणायचे, कल्पिताताईंना बोलवा. ती सांगेल ते फायनल. तिचं कधी चुकलंही नाही.

आता शिक्क्याचं सांगते, कारण माझी वाट त्यानेच लागली.

आमच्याकडे प्रत्येक लॉटबरोबर एक कार्ड फिरतं. होल पाडणारीने काम पूर्ण झालं की त्यावर स्वतःच्या नंबरचा शिक्का मारायचा. माझा सतरा, कल्पिताचा अठरा. एक लॉट एकाच हातानं पुरा व्हायला पाहिजे, म्हणजे पुढे काही निघालं तर कोणाचं ते कळतं. शिक्का दुसरीला द्यायचा नाही, हा नियम. दिला तर घरी. पहिल्या दिवशी सही घेतात तशी.

आणि बावीस वर्षं आम्ही तो देत होतो. आम्ही कोकणातल्या बायका गणपतीला गावी जाणार म्हणजे जाणार, त्यासाठी नोकरी सोडायला लागली तरी बेहत्तर. लॉट अर्धा राहिला की माल अडकणार. मग कोळणींनी आमचा उरलेला लॉट पुरा करायचा, आमच्या शिक्क्याने. नारळी पौर्णिमेला त्या सुट्टीवर, तेव्हा आम्ही त्यांचा. मालही वेळेवर जायचा. सुपरवायझरला सगळं माहीत होतं. गणपतीच्या आधी तो दोन दिवस मुद्दाम कार्डं बघायचाच नाही.

मी शिक्का फक्त कल्पिताला द्यायची. रेवतीने मागितला होता एकदा, मी नाही दिला. सतरा नंबरवर बावीस वर्षांत बाहेरून एक तुकडा परत आला नव्हता, आणि मला त्याचा माज होता. होता तर होता. सासरे गिरणीत होते, ते त्यांच्या मागाबद्दल असंच बोलायचे, तेव्हा मी हसायची.

मागच्या गणपतीला माझ्या लॉटच्या चाळीस नळ्या राहिल्या. कुडाळची गाडी संध्याकाळची. मी चेंजिंग रूममध्ये कल्पिताच्या हातात शिक्का ठेवला आणि म्हटलं, "तूच कर हां. घाई नाही केलीस तरी चालेल." ती म्हणाली, "जा गो. तुझ्या बाप्पाला माझा नमस्कार सांग." मी सांगितला. आरती झाल्यावर मुद्दाम तिचं नाव घेऊन सांगितला.

परत आले तर शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये, लॉट गेलेला, सगळं झकास. दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी निमेशसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

टेबलावर आमची नळी होती, पिशवीत. एका डॉक्टरांनी परत पाठवलेली. रोग्याच्या अंगात घालायच्या आधी नळीतून पाणी सोडून बघतात. यांनी बघितलं तर पाणी पहिल्या दोन होलांतूनच भसाभस बाहेर, टोकाकडे थेंब नाही. म्हणजे औषध गुठळीपर्यंत पोचलंच नसतं. डॉक्टरांचं लक्ष होतं म्हणून एका माणसाचा पाय वाचला. मग सगळा लॉट परत मागवला, त्यात आणखी तीन तसल्याच निघाल्या. कार्डावर शिक्का सतरा.

सरांनी स्क्रीनवर फोटो लावला. पहिली दोन होलं लांबट, फाटलेली. सुई एकाच जागी दोनदा पडलेली. हे माझं नाही, हे मला दिसत होतंच. पण हे कल्पिताचंही नव्हतं. बाई झोपेत सुई मारेल तरी असं होल पाडणार नाही.

सर माणूस वाईट नाही. म्हणाले, "प्रेमाताई, सोमवारी चौकशी आहे. शिक्के इकडेतिकडे होतात, मला काय माहीत नाही का? खरं काय ते सांगितलंत तर मी लेखी वॉर्निंगवर भागवतो, ज्याची असेल त्याची. पण कोणी मान्यच केलं नाही, तर कार्डावर ज्याचा शिक्का तो जाणार. मला वर उत्तर द्यायचंय."

रविवारी मी खारदांड्याला गेले. कल्पिता दारातच बसली होती, समोर वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत घातलेले, आणि कावळ्यांना हाकायला हातात काठी. मी बसलेही नाही. विचारलं, "माझ्या नळ्या कोणी केल्या?"

तिने काठी खाली ठेवली. "श्रुतिकानं," म्हणाली.

श्रुतिका तिची भाची, तुळशीदासची, म्हणजे तिच्या भावाची मुलगी. कल्पिताला मूल नाही. ही पोर तीन वर्षांची असल्यापासून तिच्याकडेच. कल्पितानेच तिला कंपनीत चिकटवली होती, पॅकिंगला. अजून कच्ची होती, जानेवारीत पक्की व्हायची होती. पक्कं होऊन होल रूमची परीक्षा दिल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही, आणि लावला तर त्याच दिवशी बाहेर.

"पोरीचा हात बसायला पायजे होता," कल्पिता म्हणाली. "माझ्या लॉटवर बसवली असती तर माझा नंबर..." आणि थांबली.

थांबली ते बरं झालं, पण मला ऐकू आलं होतं. स्वतःच्या अठरा नंबरवर तिने पोरीला शिकू दिलं नाही. माझ्या सतरावर दिलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. कोणी माझी पातळं काढून त्याने फरशी पुसावी, तसं काहीतरी. मी तोंडाला येईल ते बोलले. शिरा पडो तुझ्या तोंडात, असंही बोलले. शेजारच्या बायका बघायला लागल्या. ही बाई, जिने बावीस वर्षांत माझं एक वाक्य उलट उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं, ती मान खाली घालून ऐकत होती.

मग म्हणाली, "मी सांगते सरांना. मीच केल्या म्हणून सांगते. म्हातारी झाले, नजर गेली, सांगते. वॉर्निंग घेते. पोरीचं नाव नको घेऊस, प्रेमा. ती रस्त्यावर येईल."

मी म्हटलं, "आणि तू उद्या फिरलीस तर?"

"तू गप बस फक्त. तू आधी बोललीस तर सर दोघींना वेगवेगलं बसवून विचारतील नि पोर सापडंल. मला बोलू दे पहिलं." आणि मग तिने माझा हात धरला. हातमोज्याशिवाय आम्ही एकमेकींचा हात क्वचितच धरला असेल. म्हणाली, "तुझ्या नंबरला मी डाग लावू देन काय गो?"

मी विश्वास ठेवला. तिने वाढलेली भाकरी आणि कोलंबीचं कालवणही जेवले. येताना तिने सोडे बांधून दिले, ते घेतले. त्या दिवशी ती खरंच बोलत होती, असं मला आजही वाटतं. जयवंत म्हणतो, तू मूर्ख आहेस. असेन. पण मी बावीस वर्षं त्या डोळ्यांकडे बघून काम केलं आहे, मला कळतं ना.

सोमवारी केबिनमध्ये निमेशसर, एचआरची एक मुलगी, मी आणि कल्पिता. टेबलावर मायक्रोस्कोप, त्याखाली तो तुकडा. मी ठरल्याप्रमाणे गप्प. कल्पिता बोलणार म्हणून वाट बघत बसले.

सर म्हणाले, "कल्पिताताई, आधी तुम्ही बघा. हात कोणाचा ते सांगा."

ती उठली. डोळा लावला. नेहमी तिला दोन सेकंद लागतात. त्या दिवशी ती बराच वेळ वाकून राहिली. मला वाटलं धीर गोळा करते आहे, आता सरळ होईल आणि म्हणेल, माझा.

ती सरळ झाली आणि म्हणाली, "प्रेमाचा हाय."

मी तिच्याकडे बघितलं. ती एचआरच्या मुलीकडे बघत होती.

"नक्की?" सर म्हणाले.

"मनगट टेकवते ती. खालची कड बघा. वय झालं की सुई दोनदा पडते, सर. तिचा दोष नाय."

माझा दोष नाही म्हणे. त्या होलाला खालची कडच उरली नव्हती, फाटलेलं होतं ते. हे तिला दिसत होतं, मला दिसत होतं, आणि सरांना दिसत नव्हतं, कारण ते बघायला त्यांनी तिलाच ठेवलं होतं.

मग मी बोलले. सगळं बोलले, शिक्का, कुडाळची गाडी, श्रुतिका, बोंबील, कालवण. कुठून सुरू केलं आणि कुठे गेले मलाच कळलं नाही. जितकं खरं सांगत होते तितकं ते रचल्यासारखं ऐकू येत होतं. कल्पिताने एकदाच तोंड उघडलं. "पोरीला कशाला ओढते यात? तिनं अजून सुई बघितली नाय," म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुखावल्यासारखं बोलली, मेली.

एचआरची मुलगी लिहून घेत होती. सर कपाळ चोळत होते. मग म्हणाले, "प्रेमाताई, एक काम करू. तुम्ही म्हणता हात तुमचा नाही. आत्ता, इथे, दोन होलं पाडून दाखवा. फोटो शेजारी शेजारी ठेवू. वेगळं दिसलं तर मी श्रुतिकाला बोलावतो. मग बघू."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. हे तर माझ्याच हातात होतं. दोन होलं. बावीस वर्षांत किती लाख पाडली असतील. कल्पिताच्या तोंडचं पाणी पळालं, ते मी स्वतः बघितलं. तिलाही माहीत होतं, दोन होलं पाडली की संपलं.

नळी आणली, तार घातली, सुई दिली. मी मनगट टेकवलं. डोळा लावला. भिंगात नळी स्वच्छ दिसत होती.

आणि हात थरथरायला लागला.

भीती नव्हती ती. राग होता. खांद्यापासून खाली उतरत होता आणि थांबत नव्हता. मी श्वास धरला. मागे ती उभी होती, तिच्या तेलाचा वास येत होता, आणि मला सारखं ऐकू येत होतं, तुझ्या नंबरला मी डाग लावू देन काय गो. मी सुई टेकवली. घसरली. परत टेकवली, त्याच जागी, कडेला. दुसरं होल पाडलं. तेही तसंच.

"अजून एक करू द्या," मी म्हटलं.

"करा," सर म्हणाले. तिसरं त्याहून वाईट आलं.

सरांनी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी लावले. डावीकडे डॉक्टरांनी परत पाठवलेलं, उजवीकडे माझं. दोन्ही लांबट, दोन्ही फाटलेली, दोन्हीकडे सुई दोनदा पडलेली. कोणी मला झाकून दाखवलं असतं तर एकाच बाईची आहेत असं मीही सांगितलं असतं.

एचआरच्या मुलीने लिहिणं थांबवलं. सरांनी आवाज अगदी मऊ केला आणि मला तेच सहन झालं नाही. "होतं असं, ताई," म्हणाले. "पंचावन्न वर्षं म्हणजे कमी नाही. तुम्ही स्वतःहून राजीनामा द्या. मी चौकशीचा कागद पुढे जाऊ देत नाही. नाव खराब होणार नाही तुमचं."

मी खुर्चीतच बसून राहिले. हात मांडीवर दाबून धरला तरी थांबेना. तेवढ्यात मागून कल्पिताचा आवाज आला, "सर, तिला पाणी द्या कुणीतरी." कोणी उठलं नाही म्हणून तीच बाहेर गेली आणि ग्लास घेऊन आली. माझ्या हातातून सांडेल म्हणून तिने तो स्वतःच धरला, एक हात माझ्या पाठीवर ठेवून, माझ्या ओठाला लावला.

आणि मी ते पाणी प्याले. घटाघटा, सगळं. तिने केलं त्याचा राग आहेच, तो मरेपर्यंत जाणार नाही. पण मी तिच्या हातून ते पाणी प्याले, याचा मला त्याहून जास्त राग येतो.